आजोबांच्या ट्रंकेतला शेअरचा दाखला, आणि एक प्रश्न: वसंतदादा खरंच शेतकरी होते का?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात गावी जाऊन आले (मिरज तालुका, नदीकाठ). आजी जाऊन दोन वर्षं झाली, तिची पत्र्याची ट्रंक कुणी उघडलीच नव्हती. वर दोन इरकली लुगडी, त्याखाली चुलत्याच्या लग्नाची पत्रिका, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक दाखला: शेतकरी सहकारी साखर कारखाना, सांगली. आजोबांच्या नावाचा शेअर. एका कोपऱ्याला कसर लागलीय, मधोमध हळदीचा पिवळा डाग. म्हणजे तो आधी हळदीच्या पोत्यात ठेवलेला असणार. आमच्याकडे महत्त्वाच्या वस्तू तिथंच असायच्या.

बाबांना दाखवला तर ते एकदम हळवे झाले. म्हणाले, "हा दादांचा कारखाना. दादा आपल्यासारखाच शेतकरी माणूस, सातवी शिकलेला, आणि चारदा मुख्यमंत्री." पुण्यात ऑफिसमध्ये हे सांगितलं तर एक सहकारी हसला. म्हणे, आपल्याकडे सगळे पुढारी शेतकरीच असतात, प्रतिज्ञापत्रात व्यवसाय 'शेती' लिहिला की झालं. मला उत्तर सुचेना, कारण मलाही फारसं माहीत नाही. जेल फोडला, शरद पवारांनी सरकार पाडलं, या दोनच गोष्टी सगळे सांगतात. मधलं कुणी सांगत नाही.

तर ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी सांगा. वसंतदादा पाटील शेतकरी होते म्हणजे नेमकं काय होते? शेतकरी असल्यामुळे त्यांच्या राजकारणात काही वेगळं होतं, की ती नुसती म्हणायची पद्धत?

---

जुना_चिटबॉय

ताई, तुमचा सहकारी आजच्या पुढाऱ्यांबद्दल बरोबर बोलला. दादांबद्दल चुकला. पण तुमच्या बाबांचंही सगळंच बरोबर नाही. सवडीनं लिहितो, आज वीज दुपारची आहे, मोटार चालू करून बसलोय.

मी १९८१ च्या हंगामात कारखान्याला लागलो. कुठल्या ते लिहीत नाही, कृष्णाकाठचाच एक धरा. शेतकी खात्यात स्लिप बॉय. गावात त्याला चिटबॉय म्हणतात. अंगात खाकी शर्ट, सायकलला पिशवी, पिशवीत लावण नोंदीचं रजिस्टर. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लावण तारीख, एवढं लिहायचं आणि हंगाम आला की तोडीची चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीशिवाय तोडणी मजुरांची टोळी फडात शिरत नाही आणि उसाची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढत नाही. दादांचं राजकारण मला जेवढं कळलं ते या पिशवीतून कळलं, म्हणून तिथूनच सांगतो.

आधी माणूस. पद्माळे हे सांगलीजवळचं कृष्णेकाठचं गाव, तिथलं शेतकरी घर. जन्म नोव्हेंबर १९१७ चा. आईवडील अगदी लहानपणी गेले, आजीनं वाढवलं. शाळा सातवीपर्यंत. पुढं स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, भूमिगत झाले, पकडले गेले, आणि १९४२ साली सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह तटावरून खंदकात उड्या टाकल्या. खांद्याला गोळी लागली. दोन साथीदार त्यात गेले. हे तुम्हाला ठाऊक असणारच.

आता तुम्ही विचारलेलं 'मधलं'. तुरुंगातून सुटून आलेला माणूस १९५२ ला आमदार झाला. तसे बरेच झाले. पण या माणसाला आमच्या भागाचं दुखणं कुठं आहे ते माहीत होतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या शिवारात होतं. दुखणं म्हणजे गूळ.

कारखाने यायच्या आधी ऊस होता, पण त्याचा गूळच व्हायचा. माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ मी लहानपणी पाहिलंय. चुलवाणावर काहील, रात्रभर आधण, गुळव्या दांडीनं ढवळतोय, आणि सकाळी ढेपा बांधून बैलगाडी सांगलीच्या पेठेत. तिथं अडत्या, म्हणजे गूळ विकून देणारा दलाल. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, दर ठरायचा, आणि ज्याचा गूळ त्याला तो शेवटी कळायचा. वर अडत, तोलाई, हमाली, कडता. शिवाय आधीची उचल त्याच अडत्याकडून घेतलेली, म्हणजे दुसऱ्याकडं जायची सोय नाही. वडील परत यायचे तेव्हा गाडीत पेंड असायची आणि तोंडात शब्द नसायचा.

प्रवरेला विखे पाटलांनी १९५० च्या सुमाराला सहकारी कारखाना उभा करून दाखवला होता. ते बघून ठिकठिकाणी लोक उठले. सांगलीत दादा उठले. गावोगाव फिरून शेअर गोळा करायचे म्हणजे काय हे आज सांगून पटत नाही. धूर निघेल की नाही याची खात्री नसलेल्या चिमणीसाठी शेतकऱ्यानं बैलाच्या जोडीचे पैसे द्यायचे. तुमच्या आजोबांनी दिले. का दिले? वकिलानं मागितले असते तर दिले असते का, मला शंका आहे. मागणारा धोतर-टोपीतला, आपल्या बोलीतला, पाण्याची पाळी आणि उसाचं पाचट माहीत असलेला होता. 'शेतकरी' या शब्दाचा उपयोग तिथं झाला ताई. प्रतिज्ञापत्रात नाही, ट्रंकेत झाला.

कारखाना चालला आणि सगळं गणित बदललं. काट्यावर वजन, हप्त्यानं बिल, तेही बँकेत. दर सगळ्यांना सारखा. एक माणूस एक मत, शेअर किती का असेनात. अडत्या मागं पडला. पिकाला पाणी पाहिजे म्हणून नदीवरून पाणी उचलायच्या संस्था झाल्या, किर्लोस्करवाडी हाताशीच होती, इंजिनं आणि पंप दारात. आमच्याकडं को ७४० नावाचा ऊस आला, त्याला लोक नुसतं 'सातशेचाळीस' म्हणत. घरं कौलाची झाली, पोरं सांगलीला शिकायला गेली. मी त्यातलाच एक.

आता दुसरी बाजू, तीही माझ्याच पिशवीतली.

सोसायटीचं पीककर्ज घेतलं की त्याची वसुली कारखाना बिलातून परस्पर करतो. सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा. म्हणजे सोसायटी, बँक आणि कारखाना ही तीन चाकं एकाच आसावर. आणि तो आस ज्याच्या हातात, त्याला गावातल्या प्रत्येक घराचं क्षेत्र, कर्ज, भाऊबंदकी, सगळं माहीत. मत मागायला वेगळं जावं लागत नाही. दादांच्या पिढीनं हे शेतकऱ्याला अडत्यापासून सोडवायला बांधलं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण एकदा दावं तयार झालं की ते कुणाच्याही हातात जातं.

एकच प्रसंग सांगतो. तीस गुंठे आडसाली ऊस (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तुटणारा), एका विधवा बाईचा. रजिस्टरप्रमाणं तिची तोड डिसेंबरात यायला पाहिजे होती. तिचा नवरा मरायच्या आधी विरोधी पॅनेलात फिरलेला. वरून कुणी लेखी सांगत नाही, नुसतं म्हणतात, "त्यो प्लॉट राहू दे की जरा." मी राहू दिला. जानेवारी गेला, तुरा आला, म्हणजे उसाची वाढ थांबली. फेब्रुवारीत तिची हळद भरायची घाई, मार्चमध्ये विहीर आटली. एप्रिलात टोळी घातली तर ऊस आतून पोकळ, कांडी मोडली की कापसासारखी दशी. टोळीनं वर खुशाली मागितली ती वेगळीच, कोंबडं आणि पैसे. तीस टनाची आशा होती, काट्यावर एकोणीस भरला. मधल्या काळात दीड महिना उशिरा लागण झालेल्या एका संचालकाच्या उसाची चिठ्ठी मीच फाडली होती. बाई काही बोलली नाही. वाढ्यांचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) एक भारा माझ्या सायकलला बांधून दिला, म्हशीला घाला म्हणाली.

हे दादांनी केलं नाही. ते तेव्हा मुंबईत मुख्यमंत्री होते, आणि तो कारखानाही त्यांचा नव्हता. पण शेतकऱ्याचा पुढारी झाला म्हणजे काय झालं, हे विचाराल तर या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतील. रुमालाखालचा हात गेला आणि चिठ्ठी आली.

मोटार बंद पडली. उरलेलं नंतर.

---

मिरजकर_सदाशिव

चिटबॉयकाका, लिखाण झकास. एक दुरुस्ती: तुरुंग फोडला तो १९४३ मध्ये, २४ जुलैला. बेचाळीसची चळवळ म्हणून सगळे बेचाळीसच म्हणतात. आणि जे गेले त्यांची नावं लिहायला हवीत: अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव. दादांचे पुतळे पुष्कळ आहेत, ही दोन नावं सांगलीतल्या पोरांना विचारून बघा.

ताई, बाबांचं 'चारदा' हे शपथा मोजून आहे. १९७७ ला शंकरराव चव्हाणांच्या जागी पहिल्यांदा. १९७८ च्या निवडणुकीनंतर दोन काँग्रेसचं मिळून सरकार, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, ते जुलैत पवारांनी पाडलं. मग १९८३ ला बाबासाहेब भोसल्यांच्या जागी, आणि १९८५ च्या निवडणुकीनंतर परत, ते जूनमध्ये राजीनामा दिला तोवर. प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना नेमलं ते दादांना पटलं नाही म्हणून. सगळं मिळून चार वर्षंही भरत नाहीत. पुढं राजस्थानचे राज्यपाल.

मला मात्र सर्वांत नवल वाटतं ते १९८३ चं. सातवी शिकलेल्या मुख्यमंत्र्यानं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर आपली पोरं देणगी भरून कर्नाटकात जात होती. मी स्वतः त्यातल्याच एका नव्या कॉलेजात शिकलो, वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर होतं आणि लेथ दोनच. आज कुणी त्याला शिक्षणाचा बाजार म्हणतं, कुणी दार उघडलं म्हणतं. कारखान्याच्या वाटेनं आलेल्यांनीच पुढं कॉलेजं काढली, हे दोघांनाही नाकारता येत नाही.

आणि एक मजा. १९८५ ला दादा बोलले की मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव आहे. त्यावर महापालिका शिवसेनेनं जिंकली. काँग्रेसचा मुख्यमंत्री, आणि फायदा सेनेचा. मुद्दाम केलं की बोलता बोलता झालं यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडण होतं.

---

कोरडवाहू

सगळं वाचलं. आता जरा आमच्याकडं बघा. मी आटपाडीकडचा. जिल्हा तोच सांगली, पण तुमची कृष्णा आम्ही फक्त एसटीच्या खिडकीतून बघितली.

तुम्ही म्हणता शेतकऱ्याचा मुख्यमंत्री झाला. कुठल्या शेतकऱ्याचा? उसवाल्याचा. आमच्याकडं बाजरी, मटकी आणि मेंढरं. दादा १९७२ ला पाटबंधारे मंत्री झाले त्याच वर्षी सगळ्यांत मोठा दुष्काळ. माझी आई रोजगार हमीवर खडी फोडायला होती, सुकडी खाऊन. मी दादांना दोष देत नाही, 'पाणी अडवा पाणी जिरवा' ही घोषणाही त्यांच्याच काळात गाजली, आणि ती आमच्यासाठीच होती. पण जिरवायला आधी पडायला लागतं.

वारणेवरच्या धरणावरून दादा आणि जिल्ह्यातलेच दुसरे पुढारी राजारामबापू पाटील यांचं जे जमलं नाही, धरण खुजगावला की चांदोलीला, त्यात वर्षं गेली. शेवटी चांदोली झालं. तुमच्याकडं तो दादा-बापू वाद म्हणून चवीनं सांगतात. आमच्याकडं आम्ही टँकर मोजत होतो. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि २००० सालापर्यंत वापरा म्हटलं, तेव्हा कुठं १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढून धावपळ सुरू झाली. तोवर दादा जाऊन सात वर्षं झाली होती. त्याआधी आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली, ती वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं. तेही बेचाळीसचेच, तेही शेतकरी, आमदारही झालेले, कारखानाही काढलेला. पण उसाच्या पट्ट्यात राहून ते आमच्या पाण्यासाठी आले. मला शेतकरी पुढारी विचाराल तर मी आधी त्यांचं नाव घेईन.

आणि चिटबॉयकाका, पाणी मिळालं त्यांनी काय केलं तेही लिहा की. काळ्या रानाला मोकाट पाणी सोडून सोडून नदीकाठची किती जमीन मिठानं पांढरी केली? आम्हाला प्यायला नाही आणि तुमच्यात पाण्यानं जमीन मेली.

---

कृष्णाकाठची_लेक

इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोरडवाहू, तुमचं वाचून गप्प बसले. आमचंही एक रान क्षारपड आहे, पांढरं पडलंय, तिथं आता नुसता लव्हाळा. लहानपणी मला वाटायचं तिथं कुणी चुना सांडलाय.

चिटबॉयकाका, दोन प्रश्न. १९७६ ला दादांनी राजकारण सोडलं होतं असं बाबा म्हणतात, ते खरं का? आणि हा शेअर बाबांच्या नावावर करता येतो का? बाबा म्हणतात राहू दे, काय मिळायचंय. पण मला करावासा वाटतोय.

---

जुना_चिटबॉय

मिरजकर, त्रेचाळीस बरोबर. आमच्या तोंडी बेचाळीस बसलंय ते काही जात नाही.

कोरडवाहू, तुमचं सगळं कबूल. क्षाराचं तर माझ्याच बांधाला आहे. सऱ्या तुडुंब भरल्याशिवाय पाणी पाजलं असं आम्हाला वाटतच नव्हतं. चर काढून निचरा करायचा तर वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातून न्यावं लागतं, आणि तिथं भाऊबंदकी आडवी येते. आमदार होणं सोपं, चर काढणं अवघड. नागनाथअण्णांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझ्या हातून राहिलं असतं.

ताई, शहात्तरचं खरं. शंकररावांनी मंत्रिमंडळातून वगळलं आणि दादांनी राजकारण सोडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात १९७७ च्या लोकसभेला काँग्रेस आपटली आणि त्यांनाच बोलवून आणलं. आमच्या चौकात तेव्हा म्हणायचे, खोडवा आहे, बुडखा राहिला की फुटतोच. लागणीचा ऊस तोडला तरी बुडातून दुसरं पीक येतं, तसं.

दादा गेले १ मार्च १९८९ ला. हंगाम चालू होता. अंत्यविधीच्या दिवशी मी चिठ्ठ्या द्यायच्या सोडून सांगलीला गेलो, आमचे शेतकी अधिकारीही काही बोलले नाहीत, तेच पुढं होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून माणसं येत होती, काहींच्या ट्रॉलीत अजून उसाचं पाचट. नदीच्या घाटाकडं रेटारेटीत माझी चप्पल गेली. शेजारी एक म्हातारा उभा होता, त्याचीही गेलेली. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. मला वाटलं काहीतरी वाचून दाखवायला सांगतोय. शेअरचा दाखलाच होता. का आणला म्हटलं, तर म्हणाला, "घरात ठिऊन येववंना."

त्यानंतर त्या कारखान्याचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. एकेकाळी देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणना, मग कर्ज, मग दुसऱ्याला चालवायला. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

आता तुमचं काम. नावावर होतो, करून घ्या. कारखान्याच्या शेअर विभागात वारस नोंदीचा अर्ज मिळतो. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, बाकीच्या वारसांची हरकत नाही म्हणून संमती, म्हणजे आत्या-चुलत्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा, दिवाळीला सगळे जमतात तेव्हा. सातबारा आणि आठ-अ चा उतारा बाबांच्या नावाचा लागेल. मूळ दाखला त्यांच्याकडं द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. आणि कसर लागलेला कोपरा नीट दिसावा म्हणून कातरू नका. शेअर नंबर बहुतेक त्याच कोपऱ्यात असतो.